वर्षाखाली बघा : मंडईतल्या चिल्लरीत कुठल्या टांकसाळीचं नाणं किती सापडतं

मेथीची जुडी पिशवीत टाकून मी पन्नासची नोट पुढं केली. मावशींनी गोणपाटाखाली हात घालून एक वीसची मळकी नोट, दोन पाचची नाणी आणि उरलेल्या पाचासाठी सगळे सुटे रुपये काढून माझ्या हातावर ठेवले. मी चष्मा कपाळावर चढवला आणि एकेक नाणं डोळ्याजवळ नेऊन बघायला लागलो.

"खोटी नाहीत ओ काका, घ्या बिनघोर."

"खोटी नाही बघत मावशी, कुठली आहेत ते बघतोय."

"कुठली म्हंजे? भारताचीच की!"

मागच्या गिऱ्हाइकानं "चला हो आजोबा" म्हटल्यावर मी बाजूला झालो. मावशींचं बरोबरच होतं. पण भारताचं नाणं चार ठिकाणी पाडलं जातं, आणि कुठं पाडलं ते नाण्यावरच लिहिलेलं असतं. आपण सत्तर वर्षांचे होतो तरी तिकडं आपलं लक्ष जात नाही. माझंही गेलं नव्हतं. ते वेधलं माझ्या भाचीनं, आणि तेही जर्मनीतून.

भाची स्टुटगार्टला राहते. तिच्या मुलानं एक अल्बम केला आहे, त्यात युरो वापरणाऱ्या प्रत्येक देशासाठी एकेक खळगा. युरोच्या नाण्याची एक बाजू सगळीकडं सारखी आणि दुसरी ज्या त्या देशाची. जर्मनीचा गरुड, आयर्लंडची वीणा, माल्टाचा आठ टोकांचा क्रूस. नाणं कुठल्याही देशाचं असो, चालतं सगळीकडं. पोरानं बेकरीच्या आणि बसच्या सुट्ट्या पैशांतून जर्मनी, फ्रान्स, इटली, स्पेन, ऑस्ट्रिया झपाट्यानं भरले. मग गाडी अडली. माल्टा नाही, सायप्रस नाही, एस्टोनिया नाही. व्हॅटिकनचं तर नावच नको. "मामा, लहान देशांची नाणी गेली कुठं?" असं भाचीनं विचारलं, तेव्हा मला उत्तर देता येईना. शोधायला बसलो आणि शोध पुण्याच्या मंडईत येऊन थांबला. कारण तिथला देश म्हणजे आपल्याकडची टांकसाळ. बाकीचं गणित तेच.

तर आता आपली नाणी. कुठलंही नाणं घ्या, ज्या बाजूला वर्ष छापलं आहे ती बाजू वर करा आणि वर्षाच्या आकड्याखाली बघा. तिथं बारीक चौकट उभी असेल, पत्त्यातल्या चौकटसारखी, तर नाणं मुंबईचं. पाच टोकांची चांदणी असेल तर हैदराबादचं. नुसता गोल ठिपका असेल तर नोएडाचं. आणि काहीच नसेल तर कोलकात्याचं. इतकंच पाठ करायचं आहे. चौकट मुंबई, चांदणी हैदराबाद, ठिपका नोएडा, कोरं कोलकाता. माझ्या नातीनं हे एका मिनिटात पाठ केलं आणि दुसऱ्या मिनिटाला माझा बटवा जमिनीवर ओतला.

या चौघींची वयं वेगवेगळी आहेत. मुंबईची टांकसाळ फोर्टात, रिझर्व्ह बँकेच्या शेजारी. ती १८२९ पासूनची, आणि तिच्यावरूनच त्या रस्त्याला मिंट रोड नाव पडलं. कोलकात्याची आजची टांकसाळ अलिपूरला आहे, १९५२ पासून. हैदराबादची निजामाच्या अमदानीतली. शहरातल्या सैफाबादेतून तिचं काम १९९७ मध्ये चेरलापल्लीला गेलं. नोएडाची सगळ्यांत धाकटी, १९८८ ची, आणि स्वतंत्र भारतात नव्यानं उभी राहिलेली एवढी एकच. आपल्या मनात टांकसाळ म्हटलं की मुंबईच येते, पण नोएडाचा ठिपका पुण्यात पाहुण्यासारखा नव्हे, घरच्यासारखा वावरतो. हे मोजायला लागल्यावरच कळतं.

एक सावधगिरी इथंच सांगतो. "काहीच नाही" ही कोलकात्याची खूण असल्यामुळं झिजलेलं नाणं हमखास फसवतं. ठिपका फार बारीक असतो; दहा-पंधरा वर्षं गल्ल्यातून आणि खिशातून फिरलेल्या रुपयावरचा तो पुसून गेला की नोएडाचं नाणं कोलकात्याचं होऊन बसतं. म्हणून ज्याच्या वर्षाचे आकडेही बोथट झालेत असं नाणं मोजणीत धरू नये. मोबाइलचा कॅमेरा मोठा करून, उजेड तिरपा पाडून बघावं. मंडईच्या आत दुपारीही सावली असते, तेव्हा हे काम बाहेर, पायऱ्यांवर. घड्याळजीचं भिंग असेल तर सोन्याहून पिवळं.

मग पुण्यात मुंबईचीच नाणी जास्त असायला नकोत का? टांकसाळीतून नाणी रिझर्व्ह बँकेच्या निरनिराळ्या कार्यालयांकडं जातात, तिथून बँकांच्या तिजोऱ्यांत आणि नाण्यांच्या कोठारांत, तिथून शाखेत, शाखेतून दुकानदाराकडं. जवळच्या टांकसाळीचा माल जवळ जास्त उतरावा हे खरं, आणि कोऱ्या करकरीत नाण्यांच्या पुडक्यात ते दिसतंही: एका पुडक्यातली सगळी नाणी बहुधा एकाच टांकसाळीची, एकाच वर्षाची निघतात. पण नाणं एकदा सुटलं की ते कुणाचं ऐकत नाही. पुण्यात विद्यार्थी येतात, आयटीतली मुलं येतात, दिल्लीहून ट्रक येतात, झेलम एक्स्प्रेस येते. प्रत्येकाच्या खिशातून दोन-चार नाणी इथं सांडतात आणि इथली दोन-चार तिकडं जातात. नाणं जितकं जुनं, तितकी ही सरमिसळ जास्त. म्हणून २०२० नंतरची नाणी वेगळी मोजायची आणि २०१० च्या आधीची वेगळी. एकत्र मोजलीत तर जवळच्या टांकसाळीचा परिणाम जुन्या नाण्यांच्या गर्दीत बुडून जातो.

दुसरं कारण असं की प्रत्येक टांकसाळ दरवर्षी प्रत्येक किमतीचं नाणं सारख्या संख्येनं पाडतेच असं नाही. एका वर्षी एखादीकडं दहाच्या नाण्यांचं काम जास्त, दुसरीकडं रुपयाचं. त्यामुळं "हैदराबादची नाणी कमी दिसतात" असं मोघम विधान करू नये. "दोन रुपयांच्या, अमुक वर्षाच्या नाण्यांत चांदणी कमी दिसली" असं म्हणावं. जर्मनीत तर हे वाटप कागदावर ठरलेलं आहे. तिथं पाच टांकसाळी आहेत आणि नाण्यावर एकेक रोमन अक्षर असतं: ए म्हणजे बर्लिन, डी म्युनिक, एफ स्टुटगार्ट, जी कार्ल्सरूहे, जे हाम्बुर्ग. प्रत्येकीचा वाटा बांधून दिलेला, त्यात कार्ल्सरूहेचा सगळ्यांत लहान. भाचीला मी म्हटलं, देश राहू देत, आधी घरचीच अक्षरं मोज. पोरानं अल्बमात आणखी पाच खळगे वाढवले.

मोजायचं कसं ते आता सांगतो, कारण लोक इथंच चुकतात.

एक साधी वही घ्या. किमतीप्रमाणं पानं, पानावर चार उभे रकाने, आडवे वर्षांचे. नियम एकच: सहज हातात आलेलं नाणंच मोजायचं. गल्ल्यातून निवडून घेतलेलं मोजायचं नाही. "मावशी, त्यातलं ते चांदणीवालं द्या की" म्हणालात की मोजणी संपली आणि संग्रह सुरू झाला. दोन्ही छंद चांगले, पण एका वहीत नकोत. आणि मोजलेलं नाणं परत बाजारात सोडून द्यायचं. सोडलं नाही, तर जी नाणी तुम्हाला आवडतात तीच घरात साठतात आणि पुढच्या महिन्यात बाजारात ती कमी दिसतात. मग तुम्हीच म्हणता, बघा, दुर्मिळ झाली!

किती मोजावीत? दहा मोजून निष्कर्ष काढणारे खूप भेटतात. समजा एखाद्या टांकसाळीचं नाणं दर वीसांत एक असं आहे. तरीही मुठीत आलेल्या दहा नाण्यांत ते एकही नसण्याची शक्यता साठ टक्के आहे. म्हणजे ते "मिळतच नाही" असं वाटणारे दहांतले सहा लोक चुकीचे ठरणार. शंभर मोजलीत तर एकही न सापडण्याची शक्यता एक टक्क्याच्याही खाली जाते. म्हणून दर किमतीची निदान दोनशे नाणी होईपर्यंत तोंड उघडू नये. यूपीआयच्या दिवसांत दोनशे नाणी जमायला वेळ लागतो, हे कबूल. कोथिंबिरीच्या दहा रुपयांनाही लोक मोबाइल पुढं करतात. पण मंडईत अजून सुटे पैसे फिरतात. लिंबू, आल्याचा तुकडा, कढीपत्ता, विड्याची पानं, देवाची फुलं, इथं नाणं चालू आहे.

वेळ सांभाळा. सकाळी भवानीच्या आधी कुणाच्या गल्ल्यात डोकावू नका. भवानी व्हायच्या आधी पैसे उलटसुलट करणारा माणूस कुणालाच आवडत नाही. दुपारी दोन-तीनच्या सुमाराला, गर्दी ओसरल्यावर, भाजीवर पाणी मारून माणसं जरा टेकलेली असतात तेव्हा विचारा. आणि चार पैशांची भाजी घेऊन विचारा. मी नोटा देऊन चिल्लर मागतो तेव्हा उलट त्यांचीच सोय होते, कारण संध्याकाळी ती चिल्लर बँकेपर्यंत वाहून न्यायचं ओझं कमी होतं.

वर्षातले दोन काळ मला मोजणीसाठी खास वाटतात. एक, पालख्यांचा मुक्काम. ज्ञानोबा भवानी पेठेत आणि तुकोबा नाना पेठेत उतरतात, आणि मंडईच्या आजूबाजूला साऱ्या महाराष्ट्राचे खिसे मोकळे होतात. दुसरा गणेशोत्सव. तेव्हा या भागातली नाणी अक्षरशः ढवळून निघतात. पण पुण्याचा नेहमीचा रंग बघायचा असेल तर नेमके हेच दिवस टाळा. देवस्थानाच्या दानपेटीतून बँकेत गेलेली नाणीही अशीच, मिश्र आणि बरीच जुनी.

आता यातली गंमत. भारताच्या काही नाण्यांवर या तिन्ही खुणा नाहीत आणि तरी ती कोलकात्याची नाहीत. ती परदेशात पाडून आणली आहेत. आपल्या टांकसाळींना मागणी पुरवता येईना तेव्हा सरकारनं १९८५ मध्ये आणि पुन्हा १९९७ ते २००२ या काळात बाहेरून नाणी मागवली. १९८५ च्या मोठ्या, जाड रुपयावर वर्षाखाली रोमन एच दिसला तर ते बर्मिंगहॅमच्या हीटन टांकसाळीचं. त्याच वर्षीच्या रुपयावर चौकट आहे, पण मधोमध नसून वर्षाच्या पहिल्या आकड्याखाली आहे, तर ते मुंबईचं नव्हे, ब्रिटनच्या रॉयल मिंटचं, वेल्समधल्या लँट्रिसंटचं. किती जण या चौकटीला फसले असतील देव जाणे. मी फसलो होतो.

नव्वदच्या दशकाच्या अखेरची नाणी याहून मजेदार. वर्षाखाली रोमन एम आणि त्याच्या डोक्यावर इवलासा ओ, तर मेक्सिको सिटी. एम गोलाकार चौकटीत बसवलेला, तर दक्षिण आफ्रिकेतलं प्रिटोरिया. (मुंबईचाही एम असतो, पण तो संग्राहकांसाठी पाडलेल्या आरशासारख्या चकचकीत खास नाण्यांवर. ती मंडईत येत नाहीत.) रशियन लिपीतली तीन अक्षरं दिसली, ज्यांतली पहिली दोन एम-एम अशी वाचता येतात, तर मॉस्को. आणि एम-के अशी जुळी अक्षरं असतील तर क्रेम्नित्सा.

या क्रेम्नित्सावर क्षणभर थांबतो. स्लोव्हाकियातलं हे डोंगरातलं लहानसं गाव, आणि तिथली टांकसाळ १३२८ पासून चालू आहे. आपल्याकडं तेव्हा मुहम्मद तुघलक गादीवर होता. स्लोव्हाकियानं २००९ मध्ये युरो घेतला आणि त्या देशाची युरो नाणी याच टांकसाळीत पडतात. भाचीच्या मुलाला अखेर एक स्लोव्हाक नाणं मिळालं, त्यावर दुहेरी क्रूस. मी इकडून त्याला फोटो पाठवला: एक साधा पोलादी भारतीय रुपया, गव्हाच्या लोंब्यांचा, वर्षाखाली एम-के. दोन्ही नाणी एकाच गावची. त्याचा अर्धा तास विश्वासच बसेना.

ही परदेशी पाहुणी मंडईत अजून सापडतात का? पोलादी रुपये सापडतात, कारण १९९२ पासूनचा तो पंचवीस मिलिमीटरचा पोलादी रुपया अजून बऱ्यापैकी फिरतो. तांबं-निकेलच्या मिश्रधातूची नाणी मात्र आटली आहेत: १९८५ चा जाड रुपया, अकरा कोनांचं दोन रुपयांचं, ते जडशीळ नऊ ग्रॅमचं पाच रुपयांचं. बाजारात हलकी, नवी नाणी आली की जड नाणी लोक बाजूला टाकतात. शिवाय धातूसाठीही ती गेली. जवळ लहानसं लोहचुंबक ठेवा. पोलादी नाणं त्याला चिकटतं, तांबं-निकेलचं चिकटत नाही. झिजलेल्या नाण्याचा काळ ठरवायला ही युक्ती फार उपयोगी पडते. नाणी वितळवायच्या फंदात मात्र कुणी पडू नये. २०११ च्या नाणे कायद्यानं त्याला सात वर्षांपर्यंत कैद आहे.

म्हणजे कमी दिसण्याची कारणं तीन, आणि तिन्ही वेगळी: मुळात कमी पाडलं गेलं, दूर पाडलं गेलं, किंवा पाडलं भरपूर पण बाजारातून उठलं. माल्टाचं नाणं स्टुटगार्टात दिसत नाही ते पहिल्या दोन कारणांनी. लक्झेंबर्गही चिमुकलाच देश, पण तो जर्मनीला खेटून आहे, रोज हजारो माणसं सीमा ओलांडून कामाला जातात. त्याच्या ग्रँड ड्यूकचा चेहरा पोराला माल्टाच्या क्रुसाच्या कितीतरी आधी सापडला. आणि मोनाको, सान मारिनो, व्हॅटिकन यांची गोष्ट तिसऱ्या प्रकारात मोडते, त्यातही अर्ध्या वाटेवरच. ती नाणी बाजारात पोचायच्या आधीच संग्राहक उचलतात. मोनाकोनं २००७ मध्ये राजकन्या ग्रेसच्या स्मरणार्थ दोन युरोची फक्त २०,००१ नाणी काढली. त्यातलं एखादं बेकरीत सुटे म्हणून मिळायची वाट बघणं म्हणजे अधिक मासात लॉटरी लागायची वाट बघणं. व्हॅटिकनची पन्नास सेंटची नाणी मात्र २०१० पासून खरोखर व्यवहारात येतात. रोमला गेलात तर सुटे पैसे उलटून बघा.

आपल्याकडचं असं "आपलं" नाणं शोधायचं असेल तर टांकसाळीच्या खुणेबरोबर दुसरी बाजूही बघा. १९९९ मध्ये दोन रुपयांवर शिवछत्रपती आले, त्याच वर्षी रुपयावर संत ज्ञानेश्वर, २००२ मध्ये दोन रुपयांवर संत तुकाराम, २००७ मध्ये पाचावर लोकमान्य टिळक. ही साध्या व्यवहारासाठी काढलेली नाणी होती. मंडईच्या गल्ल्यात ती अजून कधीमधी डोकावतात, आणि दिसली की भाजीवाल्या बाया ती खर्च करत नाहीत, देव्हाऱ्यात ठेवतात. बाजारातून नाणं उठण्याचं हे चौथं कारण म्हणायला हरकत नाही. उलट ७५ रुपये, १०० रुपये अशी जी नाणी वर्तमानपत्रात दिसतात ती टांकसाळ डबीत घालून विकते. ती सुट्ट्यात मिळणार नाहीत.

बाजारात अनेक ठिकाणची नाणी एकत्र फिरणं पुण्याला नवं नाही. पेशवाईत इथं अंकुशी रुपया होता, चांदवडी होता, मल्हारशाही होता, शिवाय बाहेरून येणारे किती तरी. फरक हा की तेव्हा कुठल्या टांकसाळीचा रुपया आहे यावर त्याची किंमत ठरे. सराफ नाणं वाजवून, घासून, तोलून बघे आणि हलक्या रुपयावर बट्टा कापे. नावाला बट्टा लागतो म्हणतो आपण, तो हाच. १८३५ मध्ये कंपनी सरकारनं सगळीकडं एकच रुपया आणला आणि ही कटकट हळूहळू संपली. आजच्या चौकटीला आणि चांदणीला बट्टा नाही. मुंबईचे दहा आणि हैदराबादचे दहा, मेथीची जुडी तीच.

पण नवा बट्टा निघाला आहे, आणि तो अज्ञानाचा आहे. दहाचं नाणं "चालत नाही" म्हणून परत करणारी माणसं मंडईतही आहेत आणि मंडईबाहेरही. कुणी म्हणतं दहा रेघांचं खरं, पंधरा रेघांचं खोटं. कुणी म्हणतं रुपयाचं चिन्ह नाही म्हणजे खोटं. रिझर्व्ह बँकेनं जानेवारी २०१८ मध्ये स्पष्ट केलं की तोवर निघालेली दहाच्या नाण्याची चौदाही रूपं वैध आहेत, चिन्ह असलेली आणि नसलेलीही. रुपयाचं चिन्ह स्वीकारलं गेलं २०१० मध्ये आणि नाण्यावर आलं २०११ पासून. त्याआधीच्या नाण्यावर ते असणार कसं? शंका असेल त्यानं १४४४० या क्रमांकावर फोन करावा, तिकडून उलट फोन येऊन माहिती ऐकवली जाते. २०२० पासून आलेलं वीसचं बारा कोनी नाणंही बिनदिक्कत घ्यावं. पन्नास पैसेही कायद्यानं चालू आहेत; बंद झाली ती पंचवीस पैसे आणि त्याखालची, ३० जून २०११ पासून. पन्नास पैशांना पुण्यात कुणी हात लावत नाही हा वेगळा प्रश्न.

विक्रेत्यांसाठीही दोन गोष्टी. कायद्यानं रुपया आणि त्यावरच्या नाण्यांत हजार रुपयांपर्यंतची रक्कम देता येते. कुणी पाच हजारांचं बिल गोणीभर चिल्लरीत द्यायला आला तर नाही म्हणायचा हक्क तुम्हाला आहे. आणि बँकेला नाणी नाकारता येत नाहीत. शंभर-शंभरची पुडकी करून नेलीत तर काम लवकर होतं. एक आणि दोन रुपयांची नाणी तर वजनावर घ्यावीत असंच रिझर्व्ह बँकेनं बँकांना सांगितलं आहे. एका शाखेत मला "आज मशीन बंद आहे" असं ऐकायला मिळालं होतं. मी काउंटरवरून हललो नाही. वीस मिनिटांनी मशीन चालू झालं.

राहिला पैशाचा विषय. "अमुक खुणेच्या नाण्याचे लाखो मिळतात" अशा चित्रफिती मोबाइलवर फिरतात. वैष्णोदेवीच्या नाण्याच्या, ट्रॅक्टरच्या नोटेच्या. शेवट एकच: आधी नोंदणीचे पैसे भरा, मग कर भरा, मग फोन बंद. रिझर्व्ह बँकेनंही ऑगस्ट २०२१ मध्ये लोकांना सावध केलं होतं की आपल्या नावानं असे व्यवहार करणाऱ्यांशी बँकेचा संबंध नाही. मंडईत सहज सापडणाऱ्या नाण्याला, त्यावर एच असो नाही तर एम-के, नाणं म्हणून जी किंमत आहे तीच बहुतेक वेळा खरी किंमत. कोरं, न फिरलेलं असेल तर संग्राहक थोडे जास्त देईल, इतकंच. आणि म्हणूनच चिंच-मीठ लावून नाणं चमकवू नका. घासलेलं नाणं जाणकार हातात घेताच ओळखतो आणि खाली ठेवतो.

जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी गेलात तर आणखी एक नाणं तुमच्यापुढं येईल: एका बाजूला राम-सीता-लक्ष्मण-हनुमान, दुसऱ्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनीचं नाव आणि १८१८ साल. विकणारा सांगेल, हे चुंबकासारखं तांदूळ ओढतं. कंपनीनं असं नाणं कधी काढलंच नव्हतं. शिवराईसुद्धा ओतीव, नव्यानं केलेली भरपूर विकली जाते. खरी बघून डोळा तयार झाल्याशिवाय घेऊ नका. डोळा तयार करायला मुंबईत फोर्टमधलं रिझर्व्ह बँकेचं नाणेसंग्रहालय आहे, आणि मन लावून शिकायचं असेल तर नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे.

मंडईचं जुनं नाव रे मार्केट. १८८६ साली ती उघडली, गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावानं. या इमारतीवरच्या खर्चाला ज्या जोतीराव फुल्यांनी नगरपालिकेत विरोध केला, त्यांचंच नाव पुढं तिला मिळालं. तिच्या पायऱ्यांवर बसून मी गेल्या पावसाळ्यापासून नाणी मोजतो आहे. चारही रकाने भरत आले आहेत. बर्मिंगहॅमचा एच दोनदा भेटला, क्रेम्नित्सा चारदा, मेक्सिको एकदा. मॉस्कोचा रकाना अजून रिकामा आहे. आता खालून मेट्रो जाते, स्टेशनातून वर येणारी माणसं मला ओलांडून पुढं जातात. तुमच्या बटव्यात २००० सालाच्या आसपासचं, रशियन अक्षरांचं दोनचं किंवा पाचचं नाणं निघालं तर विकू नका आणि देव्हाऱ्यातही ठेवू नका. मंडईत येऊन खर्च करा. कधी ना कधी ते माझ्या हातात येईल.